आवडत्या आकड्यालाही प्रश्न विचारा

२०१७ मध्ये तिहेरी तलाकचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता तेव्हा दोन सर्वेक्षणांची फार चर्चा होती. एक होते भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाचे. या संघटनेने दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम स्त्रियांशी बोलून २०१५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यातल्या ९२.१ टक्के स्त्रियांना तोंडी, एकतर्फी तलाकवर बंदी हवी होती. दुसरे होते सच्चर समितीचे सदस्य सचिव राहिलेले अर्थशास्त्रज्ञ अबूसालेह शरीफ यांच्या संस्थेचे. त्यात वीस हजारांवर लोकांनी उत्तरे दिली आणि एकाच वेळी तीनदा तलाक म्हणण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले.

तुमच्या घरच्या किंवा मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातले कोणते सर्वेक्षण फिरत होते, ते आठवून पाहा. बहुतेक ठिकाणी एकच फिरत होते. कायदा हवा असणाऱ्यांनी पहिले फॉरवर्ड केले, नको असणाऱ्यांनी दुसरे. प्रश्न कोणाला विचारले, कसे विचारले, नेमके काय विचारले, हे पाहण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. आकडा आपल्या बाजूचा होता, एवढे पुरेसे होते.

आपल्या समाजाबद्दल या देशात रोज बोलले जाते. टीव्हीवर, विधानसभेत, कॉलेजच्या कँटीनमध्ये. लोकसंख्या, मदरसे, बुरखा, गुन्हेगारी, मागासलेपण. त्यावर आपले उत्तर दोनपैकी एक असते. एक तर संताप, नाहीतर एखादे उदाहरण : "आमच्या ओळखीत तर असे कोणीच नाही." दोन्हींनी समोरच्याचे मत बदलत नाही आणि आपल्यालाही नवीन काही कळत नाही. माझे म्हणणे असे की, समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जी चार-पाच साधने दिलेली असतात, ती आज मुस्लिम तरुणांच्या हातात असणे गरजेचे आहे. मी इंजिनिअर आहे. आमच्याकडे हुशार मुलाने सायन्स घ्यायचे आणि राहिलेल्यांनी आर्ट्सला जायचे, अशी पक्की समजूत आहे. त्यामुळे आपल्यात कोडिंग येणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःच्या समाजाची नीट मोजणी करू शकणारे फार थोडे.

व्यक्तीचे दुःख की समाजाचा प्रश्न?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये एक साधा फरक मांडला. एका माणसाला नोकरी नाही, ही त्याची अडचण. पण एका गटातल्या खूप जणांना नोकरी मिळत नसेल, तर तो सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचे कारण त्या माणसाच्या स्वभावात शोधून उपयोग नाही. या दोहोंतला दुवा पाहण्याच्या सवयीला त्यांनी समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती असे नाव दिले.

आता आपल्या घरातले उदाहरण घ्या. मुलगा शिकलेला, पन्नास ठिकाणी अर्ज केलेला, कुठूनच फोन नाही. अब्बा म्हणतात, याची इंग्रजी कच्ची आहे. मित्र म्हणतो, नावामुळे. कोण बरोबर? एका मुलाच्या बाबतीत हे कोणीच सांगू शकत नाही. त्याची इंग्रजी खरोखर कच्ची असू शकते.

सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या संशोधकांनी हाच प्रश्न शास्त्रीय पद्धतीने तपासला. २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात : एक उच्चवर्णीय हिंदू वाटणारे, एक दलित वाटणारे, एक मुस्लिम. असे ४,८०८ अर्ज ५४८ जाहिरातींना गेले. मुलाखतीचे किंवा लेखी परीक्षेचे बोलावणे येण्याच्या बाबतीत दलित नावाचे पारडे उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन तृतीयांश ठरले आणि मुस्लिम नावाचे सुमारे एक तृतीयांश.

आमच्या क्षेत्रातले लोक याला ए-बी टेस्ट म्हणतात. बाकी सगळे सारखे ठेवायचे, एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे. इथे "इंग्रजी कच्ची आहे" हे उत्तर चालत नाही, कारण अर्ज कागदावर सारखाच आहे. संताप जे सिद्ध करू शकत नाही, ते या पद्धतीने सिद्ध झाले.

पण याच आकड्याला आता दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारा. हा अभ्यास खासगी क्षेत्राचा, वृत्तपत्रातल्या जाहिरातींचा आणि पहिल्या टप्प्याचा होता. मुलाखतीत पुढे काय होते, हे तो सांगत नाही. सरकारी भरतीबद्दलही काही सांगत नाही. ते एक तृतीयांशसुद्धा संख्याशास्त्रातल्या 'ऑड्स'चे प्रमाण आहे. होकार आणि नकार यांच्या गुणोत्तराची ती तुलना आहे. "मुसलमानाला तीनपैकी दोन नोकऱ्या नाकारल्या जातात" असे कोणी त्यावरून लिहिले, तर ते चूक आहे, मग ते आपल्या बाजूचे का असेना.

कारण आणि योगायोग

लोकसंख्येचा विषय निघाला की आपण बचावात जातो. आकडे मात्र उघड आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता आणि हिंदू स्त्रियांचा ३.३. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते अनुक्रमे २.३६ आणि १.९४ झाले. म्हणजे आजही मुस्लिमांचा दर जास्त आहे, हे खरे. तीस वर्षांत तो जवळपास निम्म्यावर आला आणि दोघांतले अंतर १.१ वरून ०.४ वर आले, हेही तितकेच खरे.

हे अंतर धर्मामुळे आहे का? समाजशास्त्रात पहिल्याच वर्षी शिकवतात की दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असते असे नाही. मध्ये तिसरी गोष्ट असू शकते. त्याच पाचव्या फेरीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ आहे आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रियांचा १.८, आणि यात सगळ्या धर्मांच्या स्त्रिया आल्या. केरळमधल्या मुस्लिम स्त्रियांचा दर बिहारमधल्या हिंदू स्त्रियांपेक्षा कमी आहे. धर्म हेच एकमेव कारण असते, तर हे झाले नसते.

इथेच थांबलो, तर आपण पुन्हा आपल्या सोयीचे तेवढेच घेतले असे होईल. केरळमध्येही मुस्लिमांचा दर तिथल्या हिंदूंपेक्षा जास्त आहे. म्हणजे शिक्षण आणि प्रदेश यांतून अंतराचा मोठा भाग समजतो, सगळा समजत नाही. उरलेला भाग कशामुळे? लग्नाचे वय, स्त्रीच्या हातात असलेला निर्णय, कुटुंबनियोजनाबद्दलचे मत, की आणखी काही? हा प्रश्न आपण स्वतः विचारायला हवा. दुसरे विचारतात तेव्हा त्यात द्वेष असतो, म्हणून प्रश्नच खोटा ठरत नाही.

मोजायचे कोणाला?

मोजणीच्या आधी व्याख्या लागते. सोपे वाटते, पण अर्ध्या चुका इथेच होतात.

"मुसलमानांची पोरे मदरशात जातात" हे वाक्य घ्या. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आढळले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशात शिकतात. मग एवढा मोठा गैरसमज कशातून आला? अहवालाने एक कारण दाखवले : लोक मदरसा आणि मकतब यांत गल्लत करतात. मकतबात मूल सकाळी किंवा संध्याकाळी तास-दीड तास कुरआन वाचायला जाते आणि दिवसा शाळेत असते. दोन्हींना मदरसा म्हटले, तर आकडा फुगतो. व्याख्या बदलली की वास्तव बदलल्यासारखे दिसते.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातले. स्थानिक स्वराज्य संस्थांमधले ओबीसी आरक्षण टिकवायचे असेल तर मागासलेपणाची नीट माहिती गोळा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितले. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाने २०२२ मध्ये मतदार याद्यांवरून काम करताना आडनावांचा आधार घेतला आणि त्यावर राज्यभर टीका झाली. ती रास्तच होती. पवार, जाधव ही आडनावे कितीतरी जातींत आहेत. आपल्याकडे तर परिस्थिती याहून अवघड. बागवान, तांबोळी, अत्तार ही आडनावे ओळखू येतात. पण मणियार, पिंजारी किंवा फकीर समाजातला माणूस कागदावर 'शेख' असतो. आडनावावरून मोजले, तर तो ओबीसी म्हणून मोजलाच जात नाही. जे साधन मोजायचे ते मोजतच नाही, त्याला संशोधनाच्या भाषेत वैधता नसलेले साधन म्हणतात. अशा साधनाने कितीही घरे मोजली तरी उत्तर चुकीचेच येणार.

पुस्तकातला मुसलमान आणि गल्लीतला मुसलमान

एम. एन. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात जी. एस. घुर्ये यांच्याकडे शिकलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी पुस्तकी दृष्टी आणि क्षेत्रीय दृष्टी असा भेद केला. धर्मग्रंथ वाचून जातिव्यवस्था समजून घेणे वेगळे आणि गावात राहून ती पाहणे वेगळे. ग्रंथात चार वर्ण आहेत. गावात मात्र पुष्कळ जाती आणि त्यांच्यात कोण वरचा यावर रोजची भांडणे.

आपल्याबाबतीत हा भेद फारच लागू पडतो. आपल्यावर टीका करणारे ग्रंथातले एखादे वाक्य काढून सांगतात की मुसलमान असेच वागतात. आपणही ग्रंथातलेच वाक्य काढून उत्तर देतो की इस्लाममध्ये असे नाहीच. दोघेही पुस्तकाबाहेर पडत नाहीत. दीन काय सांगतो हा एक प्रश्न आणि मुस्लिम माणसे प्रत्यक्षात कशी जगतात हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आलिमांकडे आहे. दुसऱ्याचे उत्तर गल्लीत जाऊनच मिळते.

जातीचेच पाहा. इस्लाममध्ये जात नाही, माणसामाणसांत बरोबरी आहे. हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि श्रद्धा म्हणून ते खरे आहे. आता निकाहाची स्थळे कशी पाहिली जातात, ते बघा. सय्यदांच्या घरात पिंजाऱ्याचे स्थळ किती वेळा आले? १९०१ च्या जनगणनेतच बंगालच्या मुस्लिमांमधील अशराफ, अजलाफ आणि अरजल या थरांची नोंद झाली होती आणि डॉ. आंबेडकरांनी फाळणीवरच्या आपल्या ग्रंथात तिचा आधार घेतला. १९७३ मध्ये इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुस्लिमांमधील जात या विषयावर वेगवेगळ्या प्रदेशांतल्या प्रत्यक्ष अभ्यासांचा ग्रंथ संपादित केला. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, कितीतरी मुस्लिम जाती सवलतींच्या यादीत आल्या, छप्परबंदांची नोंद विमुक्त जातींत आहे. "आमच्यात जात नाही" असे म्हणून ही माणसे नाहीशी होत नाहीत. त्यांना मिळणारी शिष्यवृत्ती मात्र नाहीशी होऊ शकते.

हा प्रश्न आता दारात येऊन उभा राहणार आहे. पुढच्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. गणना करणारा आपल्या घरी आला आणि त्याने जात विचारली, तर आपण काय सांगणार? 'मुसलमान' एवढेच सांगायचे, की जे आहे ते सांगायचे? माझे मत स्पष्ट आहे : जे आहे ते सांगावे. बरोबरी आणायची असेल, तर आधी विषमता कुठे आणि किती आहे ते कागदावर यायला हवे. याविरुद्ध मत असणारेही आहेत. मोजणीने समाज फुटेल, अशी भीती त्यांना वाटते. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण मोजले नाही म्हणून फूट भरून निघते, असे मला कुठे दिसलेले नाही.

कोणाला विचारले?

आता सुरुवातीच्या दोन सर्वेक्षणांकडे येऊ. पहिल्याने स्त्रियांना त्यांचे मत विचारले. दुसऱ्याने असे तलाक किती होतात ते पाहिले. प्रश्न वेगळे होते, त्यामुळे दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. एखादी गोष्ट क्वचित घडते आणि तरीही बहुतेक स्त्रियांना ती बंद व्हावी असे वाटते, यात विरोध कुठे आहे? त्यांना विरोधी आपण केले, वादासाठी.

नमुन्याचा मुद्दा याहून महत्त्वाचा. पहिल्या सर्वेक्षणातल्या स्त्रिया बहुतांशी गरीब वस्त्यांतल्या, संघटना जिथे पोहोचू शकली तिथल्या होत्या. दुसरे मुख्यतः ऑनलाइन होते आणि उत्तर देणाऱ्यांत पुरुष स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त होते. देशातल्या सगळ्या मुस्लिमांमधून चिठ्ठी काढावी तसा निवडलेला नमुना दोन्हीकडे नव्हता. म्हणून दोन्ही फेकून द्यायची गरज नाही. पहिल्यामुळे आजवर कोणी न विचारलेल्या बायांचा आवाज बाहेर आला आणि दुसऱ्याने अतिशयोक्तीला लगाम घातला. पण "९२ टक्के मुस्लिम स्त्रिया" किंवा "एक टक्क्याहून कमी मुस्लिम" असे म्हणण्याचा हक्क दोघांपैकी एकानेही मिळत नाही. वीस हजार हा आकडा मोठा आहे, हे उत्तर नव्हे. नमुना कलता असेल तर तो मोठा करून सरळ होत नाही.

मोठ्या माणसाने सांगितलेला आकडाही तपासावा, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे. इब्न खल्दूनचे नाव आपण अभिमानाने घेतो, समाजशास्त्राचा पाया मुसलमानाने घातला म्हणून. त्याने १३७७ मध्ये लिहिलेला मुकद्दिमा उघडून किती जणांनी पाहिला? सुरुवातीलाच तो इतिहासकार कसे चुकतात ते सांगतो आणि मसूदीसारख्या नामवंताचा आकडा तपासायला घेतो. हजरत मूसांच्या फौजेत सहा लाख किंवा त्याहून जास्त लढवय्ये होते, असे मसूदी आणि इतरांनी लिहिले होते. इब्न खल्दून विचारतो : एवढ्या फौजेला त्या मुलखात जागा आणि रसद पुरली असती का? एका टोकाला काय चालले ते दुसऱ्या टोकाला कळले तरी असते का? आणि अवघ्या काही पिढ्यांत एवढी संख्या वाढेल कशी? आकडा आपल्या पैगंबरांच्या फौजेचा होता, सांगणारा आपला होता. तरी त्याने विचारले. त्याचा वारसा सांगायचा असेल, तर ही सवय घ्यावी लागेल.

आपल्या मोहल्ल्यापासून

मग करायचे काय? मोठ्या संस्थेची वाट पाहू नका. दहा-बारा मुलामुलींचा गट एक मोहल्ला नीट मोजू शकतो. विषय छोटा घ्या, उदाहरणार्थ दहावीनंतर शाळा कोण सोडते आणि का.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर फॉर्म वाटून सर्वेक्षण होत नाही. तिथे बाया नसतात, रिक्षावर किंवा शिफ्टला गेलेले नसतात, मशिदीत न येणारेही नसतात. आधी सगळ्या घरांची यादी करा, मग दर दहावे घर घ्या. कुलूप असेल तर पुन्हा जा. शेजारच्या घरात काम भागवू नका, कारण दिवसा कुलूप असलेली घरे बहुधा जिथे सगळे कामाला जातात ती असतात आणि तीच हुकतात. बायांशी मुलींनी बोलावे, सासू किंवा नवरा समोर नसताना. प्रश्नातच उत्तर पेरू नका. "शाळेत भेदभाव होतो म्हणून मुलाने शाळा सोडली का?" असे न विचारता "शाळा का सोडली?" असे विचारा आणि सांगतील ते लिहा. आधी पाच घरांत प्रश्न वापरून पाहा आणि समजले नाहीत ते बदला.

एक गोष्ट इंजिनिअर म्हणून आवर्जून सांगतो. आजच्या वातावरणात मुस्लिम घरांची नाव, पत्ता, फोन, धंदा अशी यादी तयार करणे जोखमीचे आहे. ती चुकीच्या हातात पडली तर काय होऊ शकते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. घरे निवडण्यापुरती यादी ठेवा आणि काम झाले की नष्ट करा. उत्तरांच्या कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. फोटो नको. ज्याला बोलायचे नाही त्याला सलाम करून पुढे जा. लोकांनी आपल्यावर विश्वास टाकून सांगितलेले बाहेर फुटले, तर त्या मोहल्ल्यात पुन्हा कोणी दार उघडणार नाही.

आणि निघेल ते सगळे छापा. शाळेत भेदभाव होतो असे निघाले तर छापा. मुलींना भाऊच शाळेतून काढतात असे निघाले तर तेही छापा. दुसरे छापताना हात थरथरेल. मशीद कमिटीतले कोणीतरी म्हणेल, बेटा, हे बाहेर कशाला, लोकांना आयतेच मिळेल. त्यांना आदराने सांगा : चाचा, जे आपल्याला वाईट दाखवायला बसलेत त्यांना आपल्या कागदाची गरज नाही, ते कागदाशिवायच बोलतात. गरज आपल्याला आहे. कुठल्या इयत्तेपासून मुली गळतात हे कळले, तर त्याच इयत्तेच्या मुलींच्या घरी आपल्याला पुढच्या जूनमध्ये जाता येईल.